शेताचे बांध आणि शहराचे रस्ते

वडोदरा शहराच्या बाहेर, आज जेथे शेते आहेत तेथे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत रस्ते कोठून जाणार आणि वस्ती कोठे बसणार, हा प्रश्न साधारणतः सरकारी कचेरीतील इंजिनियरांचा समजला जातो. आपल्या ट्रस्टच्या सभासदांपैकी ज्यांची शहराच्या कडेला थोडीफार जमीन आहे, त्यांना मात्र एके दिवशी नोटीस येते. तीत 'नगररचना योजना क्रमांक अमुक' असे शब्द असतात आणि घरात चिंता पसरते. 'आपली चाळीस टक्के जमीन जाणार' एवढे एकच वाक्य तोंडोतोंडी फिरते. हे वाक्य खोटे नाही, परंतु ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे वाचकांपुढे मांडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

आम्ही पेशाने शाळामास्तर. भूगोल आणि गणित हे आमचे विषय. नगररचना हा वकिलांचा आणि इंजिनियरांचा प्रांत खरा. पण तिच्या मुळाशी एक नकाशा आणि एक त्रैराशिक याहून अधिक काही नसते, आणि ही दोन्ही सातवी-आठवीच्या मुलाला समजण्याजोगी असतात.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रस्ता आणि जमिनीचा उपयोग हे दोन वेगळे विषय नाहीत. रस्त्यावरून माणूस उगीच हिंडत नाही. तो घरातून निघतो आणि कारखान्यात, शाळेत, बाजारात किंवा दवाखान्यात पोहोचतो. त्याच्या प्रवासाची दोन्ही टोके जमिनीवर बसविलेली असतात. घरे एकीकडे आणि कारखाने दुसरीकडे ठेवली, तर दररोज सकाळी त्या दोहोंमधला रस्ता भरणारच. मग त्याची रुंदी कितीही वाढवा. उलट, एखादा रुंद रस्ता शेतांतून काढला की वर्षभरात त्याच्या कडेने दुकाने उभी राहतात, शेताचा भाव चढतो, आणि ज्या रस्त्याने गर्दी हलकी करायची तोच नव्या गर्दीचा उगम होतो. जमीन रस्त्याला ओढते आणि रस्ता जमिनीला. म्हणून ज्या कचेरीत रस्त्याची रेघ ओढली जाते, त्याच कचेरीत आणि त्याच दिवशी जमिनीचा रंगही ठरला पाहिजे.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे समजू नये. जुन्या वडोदऱ्याचा कोट पाहा. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट असे चार दिशांना चार दरवाजे. समोरासमोरच्या दरवाजांना जोडणारे दोन सरळ रस्ते. आणि ते जेथे एकमेकांस छेदतात तेथे मांडवी. बाजार बसला तो याच रस्त्यांच्या कडेने, आणि राहती घरे आतल्या पोळांत व वाड्यांत गेली. बैलगाडीला लागेल तेवढी रुंदी मोठ्या रस्त्याला आणि माणसाला लागेल तेवढी पोळीला. दळणवळण आणि वस्ती यांचा मेळ यापेक्षा स्वच्छ कोणत्या पाठ्यपुस्तकात दाखविता येईल? १९१६ साली स्कॉटलंडचे विद्वान पॅट्रिक गेडिस यांनी वडोद्याच्या वाढीविषयी अहवाल लिहिला. हिंदुस्थानातील अनेक शहरांच्या गल्लीबोळांतून हे गृहस्थ पायी हिंडले होते. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्यासाठी घरेच्या घरे पाडण्याची त्या काळी मोठी हौस होती. गेडिस तिच्या विरुद्ध असत. आधी रोगाचे निदान, मग शस्त्रक्रिया, आणि तीही होईल तितकी थोडी, असा त्यांचा बाणा होता. मुळात ते जीवशास्त्राचे अभ्यासक, त्यामुळे शहराकडे ते जिवंत देहाच्या दृष्टीने पाहत.

पुढे आगगाडी आली. १८६१ च्या सुमारास मुंबईकडील लोहमार्ग वडोद्यास पोहोचला. स्टेशन कोटाच्या पश्चिमेस, विश्वामित्रीच्या पलीकडे बांधले गेले, आणि शहराचे तोंड एकदम पश्चिमेकडे वळले. रावपुरा, दांडिया बाजार, पुढे सयाजीगंज आणि स्टेशनामागे अलकापुरी, हा क्रम आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना सांगावा लागत नाही. वास्तविक नदी ओलांडून शहर वाढविणे हा मोठा निर्णय. पण तो कोणी विचारपूर्वक घेतला असे नव्हे, स्टेशनाच्या जागेने तो घेतला. शंभर वर्षांनी, १९६५ साली, वायव्येस कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मग खतांचा कारखाना आणि इतर मोठे उद्योग आले. दक्षिणेस मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत झाली. १९५१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी वर होती. २०११ मध्ये ती साडेसोळा लाखांच्या पुढे गेली. साठ वर्षांत आठपट झालेल्या या लोकांना राहायला जागा हवी होती, आणि ती सारी कोटाबाहेरच्या शेतांतूनच यावयाची होती.

येथे खरी अडचण सुरू होते. शेताचे आकार शेतीच्या सोयीने पडलेले असतात. एक लांबट पट्टी, एक त्रिकोण, एकाला ओढ्याची कड, तर एकाला वाटच नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन त्यांचे तुकडे झालेले. वाटणीचे गणित आम्हा मुसलमानांच्या घरी मुलास दोन आणि मुलीस एक अशा हिश्शांनी चालते, हिंदू घरी निराळ्या नियमाने. पण परिणाम एकच, बांध वाढतात आणि शेत लहान होत जाते. अशा शेतांवर जर ज्याने-त्याने आपापल्या मर्जीने घरे बांधली, तर बांधाची पायवाट हाच रस्ता होऊन बसतो. मग त्या वस्तीत आग लागली तर बंब शिरत नाही. बस तर नाहीच नाही. शाळेला मैदान नाही, कारण मैदानासाठी आपले शेत कोण मोकळे सोडील? आणि घरे एकदा उभी राहिली की तेथून रस्ता काढणे पिढीभर तरी शक्य होत नाही. वस्ती दाटल्यावर अखेर जमिनीवर जागा न मिळाल्याने आकाशात जागा शोधावी लागते. गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंत सुमारे साडेतीन किलोमीटरचा जो उड्डाणपूल २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला, त्याचे कौतुक अवश्य करावे. पण उड्डाणपूल ही बहुधा जुन्या काळी न आखलेल्या रस्त्याची उशिरा फेडलेली किंमत असते, हेही विसरू नये.

मग उपाय काय? सरकारने जमीन ताब्यात घ्यावी आणि रस्ते काढावेत, हा एक उपाय. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने हेच केले. दादर, माटुंगा येथील आखीव रस्ते आणि कॉलन्या त्याच ट्रस्टच्या खटपटीचे फळ आहे. काम उत्तम झाले, परंतु सगळी जमीन विकत घेऊन नंतर विकसित करायची म्हणजे आधी फार मोठी रक्कम हाताशी लागते. दुसरी गोष्ट न्यायाची. समजा तीन शेतकरी शेजारी-शेजारी आहेत. मधल्याच्या शेतातून रस्ता गेला. त्याला मोबदला मिळाला आणि तो भूमिहीन झाला. त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची एक गुंठाही जमीन गेली नाही, उलट त्यांची शेते रस्त्यावर आली आणि भाव चौपट झाला. रस्ता तिघांच्या उपयोगाचा, त्याग मात्र एकट्याचा. ज्याचे शेत जाते तो कोर्टात जातो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

याच अडचणीवर जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांनी एक युक्ती काढली आणि १९०२ साली तिचा कायदा करवून घेतला. त्याच धर्तीवर मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचना कायदा झाला. मुंबईस आपल्या नातलगांकडे वांद्र्यास किंवा बोरिवलीस जाणाऱ्यांनी रस्त्यांच्या पाट्यांवर 'टी. पी. एस.' ही अक्षरे पाहिली असतील. ती कोणा साहेबाच्या नावाची आद्याक्षरे नव्हेत. नगररचना योजनेची ती इंग्रजी आद्याक्षरे होत. मुंबई राज्यात १९५४ साली कायदा नवा झाला, महाराष्ट्राने १९६६ मध्ये आणि गुजरातने १९७६ मध्ये आपापला कायदा केला. मजा अशी की, ज्या मुंबईत ही पद्धत रुजली तेथे आणि एकूण महाराष्ट्रात पुढे बरीच वर्षे ती मागे पडली, आणि गुजरातने ती नेटाने चालविली. अलीकडे पुण्याजवळ महाळुंगे-माण येथे आणि नव्या मुंबईच्या विमानतळाभोवतीच्या प्रदेशात महाराष्ट्राने ती पुन्हा हाती घेतली आहे.

युक्ती अशी. साधारण शंभर हेक्टरांचा एक प्रदेश घ्यावयाचा. त्यातील सर्व शेतांचे बांध कागदावर क्षणभर पुसून टाकावयाचे. मग त्या कोऱ्या कागदावर रस्ते आखावयाचे, बाग, शाळा, दवाखाना यांच्या जागा राखावयाच्या, आणि उरलेल्या जमिनीचे चौरस-आयताकृती तुकडे पाडून ते मूळ मालकांनाच, होता होईल तो त्यांच्या जुन्या जागेजवळ, परत द्यावयाचे. पूर्वीचा तो 'मूळ भूखंड', नंतरचा तो 'अंतिम भूखंड'. प्रत्येकाची जमीन थोडी घटते, पण एकाचीही सगळी जात नाही. ज्याच्या शेतातून रस्ता गेला आणि ज्याच्या शेतातून गेला नाही, दोघांच्या जमिनीत कपात एकाच प्रमाणात येते. तीन शेजाऱ्यांच्या आमच्या उदाहरणातला अन्याय येथे नाहीसा होतो.

आता त्रैराशिक. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. बाजारभावाशी त्यांचा संबंध नाही. एका शेतकऱ्याची जमीन १०,००० चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर. शेत असतानाचा भाव चौरस मीटरला १०० रुपये. योजनेत चाळीस टक्के कपात झाली आणि त्याला ६,००० चौरस मीटरचा अंतिम भूखंड मिळाला. रस्ता, पाणी, गटारे झाल्यावर भाव २५० रुपये धरू. गेलेली जमीन ४,००० चौरस मीटर. तिचा मोबदला जुन्या भावाने ४ लाख रुपये. हे झाले सरकारचे देणे. उरलेल्या ६,००० चौरस मीटरांवर भाव दीडशे रुपयांनी वाढला. म्हणजे वाढ ९ लाखांची. ही वाढ शेतकऱ्याने नांगर धरून केलेली नाही, ती रस्त्याने केली. म्हणून कायद्याप्रमाणे या वाढीचा अधिकांत अधिक निम्मा भाग, येथे साडेचार लाख, त्याने योजनेच्या खर्चासाठी द्यावयाचा. साडेचार लाख देणे, चार लाख येणे. वजाबाकी पन्नास हजार. एवढीच रक्कम त्याच्या खिशातून जाते.

पूर्वी त्याच्याकडे दहा लाखांचे शेत होते. आता पंधरा लाखांचा प्लॉट आहे, त्यातून पन्नास हजार वजा करा. साडेचार लाखांचा त्याला निव्वळ लाभ झाला, जमीन घटूनसुद्धा! आणि गावाला ४,००० चौरस मीटर जागा जवळजवळ फुकट मिळाली. 'चाळीस टक्के गेली' या वाक्याचे उरलेले अर्धे ते हेच. नोटिशीबरोबर जो 'एफ' नमुन्याचा तक्ता असतो, त्यातील रकान्यांत हेच गणित मांडलेले असते. रकाने पुष्कळ आहेत म्हणून घाबरू नये. मूळ क्षेत्रफळ, मूळ किंमत, अंतिम क्षेत्रफळ, अंतिम किंमत, मोबदला आणि वाढीतला वाटा, एवढे सहा शोधून काढले की बाकीचे त्यांचेच नातेवाईक आहेत.

कपातीच्या जागेचे काय होते, हेही विचारले पाहिजे. गुजरातच्या कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीनंतर साधारण प्रमाण असे सांगितले आहे: रस्त्यांना पंधरा टक्के, बागा व मोकळ्या जागांना पाच, शाळा-दवाखान्यांना पाच, आणि पंधरा टक्के जागा विकून तिच्या पैशांतून कामे करावयाची. याखेरीज दहा टक्क्यांपर्यंत जागा दुर्बल वर्गाच्या घरांसाठी राखता येते. त्याच दुरुस्तीने दुसरा मोठा फरक केला. पूर्वी सगळा हिशेब, तक्रारी, अपिले पुरी होऊन योजना अंतिम होईपर्यंत रस्त्याची जागा ताब्यात येत नसे, आणि यात पंधरा-वीस वर्षे सहज जात. तोवर रस्त्याच्या जागी घरे! आता योजनेच्या मसुद्यास सरकारची मंजुरी मिळताच रस्त्याची जागा हाती येते आणि पैशांचा हिशेब मागाहून चालू राहतो. अहमदाबादभोवतीचा सुमारे ७६ किलोमीटरांचा सरदार पटेल रिंग रोड झाला तो मुख्यतः अशा योजना एकापुढे एक गुंफूनच. एवढा रस्ता भूसंपादनाने करावयाचा म्हटले असते तर आमच्या नातवंडांनी तो पाहिला असता. भुजला २००१ च्या २६ जानेवारीस भूकंप झाल्यावर ढासळलेल्या जुन्या गावातही हीच पद्धत वापरली गेली. तेथे लहान घरांच्या जागेत कपात कमी आणि मोठ्या जागांत अधिक असे चढते प्रमाण ठेवले होते. आमच्या मते ते सर्वत्रच ठेवण्याजोगे आहे. हेक्टराच्या धन्याला चाळीस टक्के जड जात नाहीत; चार गुंठ्यांच्या धन्याला जातात.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही या पद्धतीचे भाट आहोत. तसे नाही. तिच्यातील उणिवा आम्हांला जवळून दिसतात.

पहिली उणीव अशी, की ज्याचे नाव सात-बारावर आहे त्यालाच मूळ भूखंड आणि म्हणून त्यालाच अंतिम भूखंड. त्या शेताच्या कोपऱ्यावर वीस वर्षे झोपडी टाकून राहिलेला मजूर, भाड्याच्या खोलीतला कामगार, तोंडी बोलीवर शेत कसणारा मनुष्य, यांचा त्या नकाशात ठिपकाही नसतो. जमिनीची किंमत वाढली हा धन्याचा लाभ. भाडेकऱ्याला त्याच वाढीने भाडे परवडेनासे होते आणि तो आणखी चार किलोमीटर बाहेर जातो. मग तोच रोज सकाळी सायकलीवर बसून आपण आखलेल्या रुंद रस्त्याने कामाला येतो. दुर्बल वर्गासाठी राखलेली जागा योजनेत कोठे दाखविली आहे, ती बसच्या रस्त्याजवळ आहे की सर्वांत आडबाजूला, हे पाहण्याची सवय आपल्यासारख्या संस्थांनी लावून घेतली पाहिजे.

दुसरी उणीव रस्त्यांचीच. प्रत्येक योजनेला हद्द असते आणि ती पुष्कळदा महसुली गावाच्या शिवेवर पडते. एका योजनेचा तीस मीटर रुंद रस्ता तिच्या हद्दीशी येतो, आणि पुढची योजना मंजूर झालेली नसल्यामुळे समोर एरंडाचे शेत! असे आंधळे रस्ते शहराच्या कडेने कोणीही पाहू शकेल. त्यासाठी आधी सबंध शहराची मोठी विकास योजना हवी, तीत मुख्य रस्ते ठरलेले असावेत, आणि मग छोट्या योजनांनी त्या रेघा जशाच्या तशा उचलाव्यात. वडोद्याची २०३१ सालापर्यंतची विकास योजना २०१२ साली मंजूर झाली. तिचा नकाशा आणि आपल्या योजनेचा नकाशा शेजारी ठेवून पाहिल्यास असा आंधळा रस्ता आधीच ओळखता येतो.

तिसरी गोष्ट बसची. येथे पुन्हा थोडे गणित लागेल. मनुष्य बसथांब्यापर्यंत पाच-सात मिनिटे चालतो. अंतर म्हणाल तर अर्धा किलोमीटर. अर्धा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ हेक्टर. या वर्तुळात हेक्टरी वीसच माणसे राहत असतील, म्हणजे बंगले आणि त्यांचे बगीचे असतील, तर थांब्याला दीड हजार माणसांचा आधार. हेक्टरी शंभर राहत असतील तर पावणेआठ हजारांचा. पहिल्या ठिकाणी बस रिकामी धावते, तोटा येतो, फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून लोक स्कूटर घेतात. बसचे भवितव्य बसच्या डेपोत ठरत नाही, ते घरबांधणीच्या नियमांत ठरते. मुख्य रस्त्याच्या दोहो बाजूंस दाट वस्ती आणि आत जाता विरळ, असा क्रम ठेवला तरच बस टिकते.

आणि हे वर्तुळही कागदावरचे. आम्ही आठवीच्या मुलांना एक गृहपाठ देतो. घर ते शाळा हे अंतर नकाशावर पट्टीने मोजा आणि मग प्रत्यक्ष पावलांनी मोजा. एका मुलीच्या घराची गच्ची आमच्या मैदानावरून दिसते. पट्टीने अंतर आले अडीचशे मीटर. पावलांनी आले अकराशे. मध्ये तीन सोसायट्या आहेत, प्रत्येकीला भिंत, प्रत्येकीला एकच फाटक आणि तेही मुख्य रस्त्यावर. ती पोर शाळेच्या जवळ राहत असूनही तिचे वडील तिला स्कूटरवर सोडतात, कारण मुख्य रस्त्याला धड पदपथ नाही. अशी शे-दीडशे मुले जमा होतात आणि शाळा सुटताना फाटकाशी जी कोंडी होते तिचे नाव 'वाहतुकीचा प्रश्न'. त्यावर उपाय म्हणून रस्ता रुंद करण्याची मागणी येते. वास्तविक तीन भिंतींत तीन लहान दारे ठेवली असती तर पुष्कळ झाले असते. अंतिम भूखंडांच्या आखणीत दर दोनशे मीटरांवर पायवाटेची तीन मीटर पट्टी ठेवावयास शहाणा नगररचनाकार विसरत नाही. पण मागणारा कोणी नसला की ती पट्टी सर्वांत आधी कापली जाते.

सर्वांत मोठी चिंता मात्र पाण्याची आहे. सात-बारावर शेताचे क्षेत्रफळ असते. त्याचा उतार नसतो. बांध पुसून चौकोन आखताना पाणी कोठून वाहत होते हेही पुसले जाण्याचा धोका असतो. विश्वामित्री पावागढकडून येते, शहराच्या मधून वळसे घेत जाते, आणि वडोदऱ्यात ज्यांना कांस म्हणतात ते जुने ओघळ तिला येऊन मिळतात. भूखी कांस त्यांतलीच एक. आठ-नऊ महिने त्या कोरड्याच दिसतात, म्हणून त्या बुजवून टाकल्या तरी चालेल असे वाटते. ३१ जुलै २०१९ रोजी शहरावर एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला, आणि २०२४ च्या ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा पूर आला. लोकांच्या घरांत कमरेइतके पाणी चढले, नदीतल्या मगरी वस्तीत आल्या. नदीकाठी आणि ओघळांच्या तोंडाशी वस्ती चढली होती आणि पाण्याला पसरावयास जागा राहिली नव्हती. उंच भराव घालून केलेला रस्ता माणसांना रस्ता असतो, पण पाण्याला तो बांधच. रस्त्याखाली पुरेशा मोऱ्या नसतील, तर ज्या रस्त्याने शेताचा भाव वाढविला त्यानेच पावसाळ्यात त्या घरात पाणी साठविले असे होते. बागेसाठी जी पाच टक्के जागा राखतात ती बहुधा एखाद्या उरलेल्या त्रिकोणी कोपऱ्यात टाकतात; ती ओघळाच्या दोन्ही काठांनी ठेवली, तर आठ महिने मुलांना मैदान आणि चार महिने पाण्याला वाट, अशी एकाच जमिनीची दोन कामे होतील.

नोटीस आली म्हणजे काय करावे, याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण सभासद आम्हांला नेमके हेच विचारतात. जमीनमालकांची सभा बोलावली जाते. त्या सभेला अवश्य जावे. पुष्कळ घरी सात-बारा अजून वारलेल्या आजोबांच्या नावे असतो आणि नोटीसही त्यांच्याच नावे निघते, ती कोणी उघडत नाही. वारसनोंद आधी करून घ्यावी, आणि तीत बहिणींची, आत्यांची नावे गाळू नयेत. लग्न होऊन नाशिकला गेलेल्या बहिणीची सही लागते हे योजना मंजूर झाल्यावर कळले, म्हणजे भावंडांत जे होते ते आम्ही एकाहून अधिक घरी पाहिले आहे. हिंदू मुलीस वडिलार्जित मिळकतीत भावाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. आमच्या शरियतीत तिचा हिस्सा पूर्वीपासून ठरलेला. कागदावर मात्र दोन्ही घरी तिचे नाव सारख्याच आळसाने राहून जाते. ट्रस्टच्या मालकीची जागा असेल तर तीही योजनेत येते. विश्वस्तांपैकी एकाने नकाशा पाहावयास जावे, आणि आपला अंतिम भूखंड कोणत्या रुंदीच्या रस्त्यावर पडतो ते टिपून घ्यावे, कारण पुढे किती मजले बांधता येतील आणि तेथे शाळा किंवा सभागृह करता येईल की नाही, हे त्या रुंदीवर पुष्कळसे अवलंबून असते.

मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना देण्यास मुदत असते. बहुतेक हरकती आपल्या प्लॉटविषयीच असतात: कपात कमी करा, कोपऱ्याचा तुकडा द्या. त्या द्याव्यातच. पण त्याच अर्जात आणखी दोन-चार ओळी लिहावयास काही खर्च येत नाही. शाळेची राखीव जागा कोठे आहे, पायवाटेची पट्टी आहे की नाही, रस्ता हद्दीशी आंधळा होत नाही ना, आणि गावातील म्हाताऱ्या माणसांना पावसाळ्यात जेथून पाणी जाताना आठवते ती कांस नकाशावर दाखविली आहे का. सभेला जाताना अशा एखाद्या म्हाताऱ्याला बरोबर न्यावे. त्याला नकाशा वाचता आला नाही तरी चालेल, त्याच्या शेताचा सर्व्हे नंबर नकाशावर आपण दाखवावा आणि पाणी कोणत्या बाजूने येत असे ते त्याने बोटाने दाखवावे. मग घरी येऊन ते लिहून काढावे आणि मुदतीच्या आत कचेरीत देऊन पोच घ्यावी. हरकत लेखीच लागते. सभेत तोंडी बोललेले दप्तरी राहत नाही.